चाळीस सेकंदांचा हिशेब

आजोबांचं एचएमटी कपाटातून बाहेर निघतं. चावी दिली की टिकटिकू लागतं, घरात कौतुक होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न येतो: "हे रोज मागे पडतंय. बिघडलंय का? आणि घरच्या घरी काही करता येईल का?"

घड्याळ किती मागे पडतं, हे नंतर बघू. ते रोज सारखंच मागे पडतं का, हे आधी बघायला हवं. रोज नेमाने चाळीस सेकंद मागे राहणारं घड्याळ बहुधा धडधाकट असतं. त्याची एक छोटी पट्टी सरकवली की काम झालं. काल मिनिटभर पुढे गेलेलं आणि आज दोन मिनिटं मागे पडलेलं घड्याळ मात्र आजारी समजावं, मग आठवड्याची बेरीज शून्य का येईना.

या प्रकरणात नमुन्याला एचएमटीचं 'जनता' घेऊ. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१मध्ये तिने बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६मध्ये घड्याळांचं काम बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. या मधल्या काळात नोकरी लागल्यावर, लग्नात किंवा निवृत्तीच्या समारंभात ही घड्याळं घरोघर आली. 'जनता' हे त्यातलं साधं, हातानं चावी द्यायचं, सतरा ज्युएलचं घड्याळ. त्यात तारीख नाही, वार नाही, त्यामुळे शिकायलाही सोपं.

१. दिवसाचे ठोके किती?

दिवसाचे सेकंद ८६,४००. 'जनता'मधलं बॅलन्स चाक तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. 'टिक' हा एक ठोका आणि 'टक' हा दुसरा. २४ तासांचे ठोके झाले ४,३२,०००.

आता घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं म्हणजे काय? एका सेकंदाचे पाच या हिशेबाने दोनशे ठोके कमी पडले. चार लाख बत्तीस हजारांत दोनशे, म्हणजे शेकडा ०.०४६. तुमचं 'बिघडलेलं' घड्याळ ९९.९५ टक्के अचूक आहे!

स्वित्झर्लंडमध्ये 'कोस्क' नावाची संस्था क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते. यंत्र पंधरा दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासलं जातं. त्यात पास होण्यासाठी दिवसाची सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या हद्दीत लागते. म्हणजे खास निवडलेल्या, महागड्या यंत्रालाही काही सेकंदांची मोकळीक आहे. सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पन्नास वर्षांचं 'जनता' नीट सर्व्हिसिंगनंतर वीस-तीस सेकंदांच्या आत राहिलं, तर माझ्या मते तक्रारीला जागा नाही.

२. ठोके सारखे का पडतात?

घड्याळाची ताकद मुख्य स्प्रिंगमध्ये असते. चावी देतो तेव्हा ही पोलादी पट्टी एका डबीत गुंडाळली जाते. ती सुटत जाते आणि दात्यांच्या चाकांची साखळी फिरू लागते. त्या साखळीला मोकाट सोडलं तर ती काही क्षणांत भर्रकन सुटेल. म्हणून शेवटच्या चाकापाशी पॅलेट नावाचा दोन टोकांचा काटा बसवलेला असतो. तो चाकाला एका वेळी एकच पाऊल टाकू देतो. पुढचं पाऊल कधी टाकायचं, ते बॅलन्स ठरवतो.

बॅलन्स म्हणजे एक गोल चाक आणि त्याच्या आसाला जोडलेली हेअरस्प्रिंग. केसासारखी बारीक ही पट्टी चकलीसारखी वळलेली असते. चाक एका बाजूला फिरलं की ती त्याला परत ओढते, मग ते दुसऱ्या बाजूला जातं. झोपाळ्याला जोरात झोका द्या किंवा हलकेच द्या, तो किती लांब जातो ते बदलतं, पण एका येरझाऱ्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. हेअरस्प्रिंगच्या बॅलन्सचाही हाच गुण. हॉलंडच्या ख्रिस्तियान ह्युजेन्सने १६७५मध्ये अशी स्प्रिंग घड्याळात बसवून दाखवली आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने "ही कल्पना आधी माझी" म्हणून भांडण काढलं. श्रेय कुणाचंही असो, त्याआधी खिशातलं घड्याळ दिवसाला बराच वेळ इकडेतिकडे होई. नंतर ते मिनिटांवर आलं.

'जवळपास' या शब्दाकडे मात्र लक्ष असू द्या. झोका फारच लहान झाला, चाक एका बाजूला जड असलं, स्प्रिंगची दोन वेटोळी चिकटली किंवा आस तेलाच्या चिकटात अडकला, की वेळ बदलतो. पुढे येणारे बहुतेक दोष या 'जवळपास'मधूनच निघतात.

तबकडीवरच्या 'सतरा ज्युएल'चाही उलगडा इथेच करून टाकू. सतत फिरणारे पोलादी आस पितळी भोकात घासले तर भोक झिजून लांबट होतं. म्हणून भोकाच्या जागी माणकाचे बारीक खडे बसवतात. बॅलन्सच्या दोन टोकांना दोन-दोन मिळून चार, पॅलेटच्या दोन टोकांना दोन, बॅलन्सकडून पॅलेटला टिचकी मारणारा एक, आणि पॅलेट धरून पाच आसांच्या दोन्ही टोकांना दहा. झाले सतरा. हे खडे कृत्रिम असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्न्यूलने १९०२मध्ये माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून ते स्वस्त झाले. "यात सतरा हिरे आहेत" म्हणून घड्याळ बँकेच्या लॉकरात ठेवणारे लोक आहेत. त्यांचा हिरमोड करावासा वाटत नाही, पण खरं ते हेच.

३. उघडण्याआधी वही

आता घड्याळाला हात न लावता आठ दिवस वही लिहायची. रोज एकाच वेळी, समजा रात्री नऊला, पूर्ण चावी द्या आणि मोबाइलच्या वेळेशी फरक लिहा. काटे पुन्हा जुळवायचे नाहीत, फरक साठू द्यायचा.

चावीबद्दल एक गैरसमज घरोघर आहे: "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं." चावी थांबेपर्यंत द्यायचीच असते. थांबली की जोर करायचा नाही, एवढंच. पूर्ण चावी भरूनही घड्याळ चालत नसेल तर दोष चावी देणाऱ्याचा नाही. आतलं तेल वाळून चाकं जड झालेली असतात.

पहिल्या घड्याळाची वही अशी: मंगळवारी ४० सेकंद मागे, बुधवारी ८२, गुरुवारी ११९, शुक्रवारी १६१. रोजचा फरक काढा: ४०, ४२, ३७, ४२. चारही आकडे एकमेकांना धरून आहेत.

दुसऱ्याचे रोजचे फरक: ५ मागे, ५५ पुढे, १२० मागे, ६० पुढे, १५ पुढे. पाच दिवसांची बेरीज केली तर अवघे ५ सेकंद पुढे. सरासरी दिवसाला एक सेकंद! विकणारा छाती फुगवून हाच आकडा सांगेल. पण हे घड्याळ उद्या काय करेल ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्याला सुधारायची पट्टी कोणत्या बाजूला सरकवायची तेही नाही.

मोबाइलवर ठोके ऐकून चाल सांगणारी ॲप्स मिळतात, टेबलावरचं टाइमग्राफर यंत्रही हौशी लोक घेतात. उपयोगी आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अर्ध्या मिनिटाच्या ठोक्यांवरून ते दिवसाचा आकडा काढतात. सकाळी पूर्ण चावीवर एक येतो, रात्री दुसरा. आणि बॅलन्स किती अंश झुलतो हे दाखवताना ते त्या मॉडेलचा 'लिफ्ट अँगल' नावाचा आकडा मागतात. तो चुकला तर झोक्याचं माप चुकतं, पुढे-मागेचं नाही.

४. सरळ चूक: पट्टी सरकवणे

वहीतले आकडे सारखे आले तर काम रेग्युलेटरचं. मागचं झाकण काढल्यावर बॅलन्सच्या वरच्या पुलावर एक छोटी पट्टी दिसते. तिच्या टोकाजवळ अधिक-उणे खुणा असतात किंवा इंग्रजी एफ आणि एस. जुन्या स्विस घड्याळांवर फ्रेंचमुळे ए आणि आर. एफ, ए किंवा अधिक म्हणजे घड्याळ जलद.

ही पट्टी हेअरस्प्रिंगची कामात येणारी लांबी कमीजास्त करते. स्प्रिंग आखूड झाली की ताठ होते आणि ठोके भरभर पडतात. किती आखूड करायची? वेगात जेवढा टक्का फरक हवा त्याच्या दुप्पट टक्का लांबीत. आपल्याला ०.०४६ टक्के वेग वाढवायचा आहे, म्हणजे लांबी ०.०९२ टक्के कमी. स्प्रिंग सरळ केली तर समजा दहा सेंटिमीटर भरेल, त्यातले ०.०९ मिलिमीटर कमी करायचे, म्हणजे डोक्याच्या एका केसाची जाडी. पट्टी 'सरकवायची' नसते, तिला नुसता स्पर्श करायचा असतो, हे या हिशेबावरून कळेल. लाकडी दातकोरणं टोकदार करून वापरा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर निसटला तर थेट हेअरस्प्रिंगमध्ये जातो, आणि वाकडी हेअरस्प्रिंग सरळ करणं भल्याभल्या कारागिरालाही जड जातं.

एकदा हलवलं की चोवीस तास थांबायचं आणि वही बघायची. एकाच बैठकीत पाच वेळा पुढे-मागे करणाऱ्याला काहीच कळत नाही. काही यंत्रांत पट्टीजवळ दुसरी एक पट्टी असते, तिने स्प्रिंगचं बाहेरचं टोक धरलेलं असतं. तिला हात लावू नका. तिने 'टिक' आणि 'टक' यांमधलं अंतर लंगडं होतं.

५. वाकडी चूक: कुठे बघायचं

आकडे एकमेकांशी जुळत नसतील किंवा फरक फार मोठा असेल, तर लक्षणावरून कारणाकडे जाता येतं. अंदाजाने पट्टी ओढण्यापेक्षा हे बरं.

कालपर्यंत ठीक असलेलं घड्याळ अचानक खूप पुढे पळू लागलं, दिवसाला कितीतरी मिनिटं, तर पहिला संशय लोहचुंबकाचा. चुंबकत्व शिरलं की हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. पर्सचं चुंबकी बटण, स्पीकर, टॅबलेटचं झाकण यांच्यामुळे हे होतं. कंपासपेटीतलं नव्हे, दिशा दाखवणारं साधं होकायंत्र घड्याळाजवळ आणा. सुई घड्याळाच्या ठोक्याबरोबर थरथरली तर निदान झालं. यावर डीमॅग्नेटायझर नावाचं स्वस्त यंत्र मिळतं. बटण दाबून धरायचं, घड्याळ जवळ न्यायचं, हळूहळू हातभर दूर आणायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर चुंबकत्व उलट पक्कं होऊ शकतं. इतकं करूनही घड्याळ पळतच असेल तर वेटोळ्यांवर तेलाचा थेंब गेलेला असावा. त्याला धुण्याशिवाय इलाज नाही.

सकाळी बरं आणि रात्रीपर्यंत ढेपाळतं? वही दोन भागांत लिहा: चावी दिल्यानंतरचे पहिले बारा तास आणि पुढचे बारा. फरक मोठा असेल तर मुख्य स्प्रिंग थकली आहे किंवा तेल वाळलंय. ताकद कमी पोचली की बॅलन्सचा झोका लहान होतो. निरोगी घड्याळात पूर्ण चावीवर तो एका बाजूला २७० ते ३०० अंशांच्या आसपास असतो; दोनशेच्या खाली गेला की छोटा धक्काही वेळ बिघडवतो.

आडवं ठेवलं तर बरोबर, उभं ठेवलं तर चुकतं, हा दोष समजायला थोडा वेळ लागतो. आडव्या घड्याळात बॅलन्सचा आस टोकावर उभा असतो आणि घर्षण अगदी कमी असतं. उभं केलं की आस कुशीवर टेकतो, घर्षण वाढतं. त्यात चाकाची एक बाजू कणभर जरी जड असली तरी गुरुत्वाकर्षण तिला ओढत राहतं, आणि चावी वर असताना जी चूक होते ती चावी खाली असताना उलटी होते. याच त्रासावर तोडगा म्हणून अब्राहम-लुई ब्रेगेने सगळा बॅलन्सच गोल फिरत ठेवणाऱ्या टूरबियाँचं पेटंट १८०१मध्ये घेतलं. आपल्याला एवढं करायची गरज नाही. घड्याळ रात्री तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली असं एकेका रात्री ठेवून फरक लिहा. दिवसा हातात १५ सेकंद पुढे जात असेल आणि चावी वर ठेवल्यावर रात्रीतून १२ मागे येत असेल, तर दिवसाचा हिशेब ३ सेकंदांवर आला. झाकण न उघडता केलेली ही दुरुस्ती जुने लोक सर्रास करत.

आणखी एक दोष लोकांना चकवतो. सेकंदकाटा अगदी बरोबर चालतो, पण मिनिटकाटा मागे पडतो. इथे बॅलन्स निर्दोष आहे. मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो ती कॅनन पिनियन ढिली झालेली असते आणि आसावर घसरते. काटे जुळवताना चावी अगदीच पोकळ फिरते, ही तिची खूण. रेग्युलेटर कितीही हलवा, फरक पडणार नाही.

घड्याळ दर वेळी ठरावीक वेळेलाच थांबत असेल तर काटे एकमेकांना घासत असतात. भिंगातून बाजूने पाहिलं तर दिसतं.

तापमानाचा दोष आज फारसा भेटत नाही. साध्या पोलादी हेअरस्प्रिंगचं घड्याळ एका अंश सेल्सिअसला दिवसाचे सुमारे ११ सेकंद बदलत असे. नागपूरचा मे आणि डिसेंबर यांत काय झालं असतं, कल्पना करा. शार्ल एदुआर ग्योम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले, त्यातून तापमानाला न जुमानणारी स्प्रिंग झाली, आणि १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

६. घरी कुठपर्यंत जायचं?

पट्टा बदलणं, केस साफ करणं, काचेचे ओरखडे काढणं हे बिनधास्त करा. 'जनता'ची काच म्हणजे ॲक्रिलिक. मऊ कापडावर पॉलिशची पेस्ट घेऊन गोल घासली की ती उजळते. चावीभोवतीचा मळ काढताना घड्याळ कोरड्या कपड्यावर धरा, पाणी लावू नका. झाकणं दोन प्रकारची असतात. दाबून बसवलेल्याला कडेला एक बारीक खाच असते, तिथे बोथट सुरी लावतात. आट्यांच्या झाकणाला छोटा रबरी चेंडू दाबून फिरवला तर बरेचदा सुटतं, आणि ओरखडा येत नाही.

वरून तेल सोडणं मात्र कधीच नाही. शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा फवारा, खोबरेल, सगळं वर्ज्य. घड्याळाचं तेल टाचणीच्या टोकापेक्षा लहान थेंबांत, मोजक्याच जागी देतात, आणि हेअरस्प्रिंगला ते अजिबात लागू द्यायचं नसतं. जुनं चिकट तेल आत असताना वरून नवं घातलं तर घड्याळ चार दिवस छान पळतं आणि मग पूर्वीपेक्षा वाईट होतं. पेट्रोलमध्ये बुडवून, फुंकून, वरून तेल देऊन 'सर्व्हिसिंग' करणारी दुकानंही अजून आहेत. स्वस्तात होतं खरं.

पूर्ण खोलून जोडायची हौस असेल तर आजोबांचं घड्याळ बाजूला ठेवा आणि बंद पडलेलं दुसरं एखादं यंत्र सरावाला घ्या. पहिली अट, मुख्य स्प्रिंगची ताकद आधी उतरवायची: चावी हाताने धरून क्लिक नावाची कळ बाजूला करायची आणि चावी बोटांतून सावकाश उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट काढला तर चाकं एकदम सुटतात आणि त्यांचे केसभर आस मोडू शकतात. दुसरी गोष्ट, पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात. तीच लाख, जी आपल्याकडे बांगड्यांत आणि मोहोरबंद पाकिटांवर असायची. स्पिरिटमध्ये ती विरघळते, म्हणून पॅलेट स्पिरिटमध्ये टाकायचा नाही. 'पॅराशॉक' असं तबकडीवर लिहिलेलं असेल, तर बॅलन्सच्या टोकाचे खडे एका नाजूक स्प्रिंगखाली असतात. ती स्प्रिंग उडाली की सापडत नाही. आणि १९६०च्या दशकाआधीच्या परदेशी घड्याळाचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक आज गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. तो रंग खरवडू नका, फुंकू नका.

७. दुकानात जाताना

घड्याळजीकडे "बिघडलंय" एवढंच सांगू नका, वही दाखवा. चावी भरल्यावर किती चालतं, कोणत्या स्थितीत चुकतं, सेकंदकाटा आणि मिनिटकाटा दोन्ही चुकतात की एकच, एवढं कळलं तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. पूर्ण खोलून धुणार का, आणि मुख्य स्प्रिंग बदलणार का, हे आधीच विचारा. बदललेला भाग परत मागा.

नवं म्हणून जुनं एचएमटी विकत घेणाऱ्यांनी एक बघावं. परदेशातले संग्राहक ज्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ती घड्याळं वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून आणि तबकडी ताज्या, भडक रंगात रंगवून बनवलेली असतात. दिसायला झकास, पण एका घड्याळाचा बॅलन्स दुसऱ्याच्या पुलाखाली बसवलेला असेल तर रेग्युलेटर शेवटच्या टोकाला नेऊनही ते मागेच पडतं. म्हणून पैसे देण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. पट्टी मधोमध असेल आणि घड्याळ तरीही बऱ्यापैकी वेळ दाखवत असेल, तर घ्यायला हरकत नाही. ती एका बाजूला पार चिकटलेली दिसली तर भाव निम्म्यावर आणा किंवा पुढच्या गाळ्याकडे वळा.